पसाभर हात

पडदा वर जातो तेव्हा सकाळ आहे. पालम गावातली एसटी स्टँडमागची गल्ली. एका बाजूला चंद्रप्पांचं भुसार दुकान. दाराशी ज्वारी, तूर, हरभऱ्याची उघडी पोती आणि पोत्यांच्या काठावर बसून बिनधास्त न्याहारी करणाऱ्या चिमण्या. दुसऱ्या बाजूला कडुलिंब. मधोमध ओटा, ओट्यावर लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत सिद्धम्माबाई. केस नीट विंचरलेले, कपाळावर विभूतीची बोटं, गळ्यात दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर. डावा हात मांडीवर पालथा, बोटं आत वळलेली. जणू दुसऱ्याच कुणा बाईचा हात तिथं विसरून राहिलाय.

स्टँडवरचा कर्णा गंगाखेडची गाडी लागल्याचं सांगतो. दुकानातून चंद्रप्पा येतात, धोतराला हात पुसतात, बाईंसमोर स्टूल ओढून बसतात.

"चला बाई, हमाल हजर हाय."

"हमालानं हात धुतले का?"

"धुतले की. हळद आन साबण, दोन्ही."

मग ते आपला डावा तळहात पुढे करतात. बाई उजव्या हातानं डबी उघडतात, आतलं इष्टलिंग काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवतात. पाण्याची धार, विभूती, बेलाचं पान, तगरीचं फूल. चंद्रप्पांचा हात मधेच अवघडतो, पण हलत नाही. बायकोची पूजा नवऱ्याच्या तळहातावर चाललेली असते आणि रस्त्यानं जाणारी माणसं क्षणभर चपला न वाजवता जातात.

हा प्रवेश मी समोरच्या खोलीतून रोज पाहत होतो. उमेदीची सगळी वर्षं नाटक कंपनीच्या ट्रकमागं काढली मी. राजा झालो, हुजऱ्या झालो, वेळ पडली तर पडदाही ओढला. मोठमोठी माणसं रंगमंचावर येताना पाहिली. पण ज्यांच्या येण्यानं आपण नकळत सावरून बसावं अशी बाई मी पालमात पाहिली, आणि तिची गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

थोडं मागं जावं लागेल.

सिद्धम्माबाई लग्न होऊन पालमात आल्या तेव्हा मॅट्रिक झालेल्या होत्या. सासरच्या माणसांना त्याचं कौतुक होतं, पण ते भिंतीवरच्या तसबिरीचं असतं तेवढंच. पुढं शिकायचं त्यांनी म्हटलं तेव्हा घर गप्प झालं. बोलले ते चंद्रप्पा. म्हणाले, "शिकू द्या. दुकानात मी हाय." बाई मास्तरीण झाल्या. आधी आसपासच्या खेड्यांत नोकरी. रोज सकाळी चंद्रप्पा त्यांची पिशवी सायकलला अडकवून स्टँडपर्यंत सोडायला जायचे आणि संध्याकाळी आणायला. बाजारपेठेनं त्यांना नाव पाडलं, बाईचा हमाल. चंद्रप्पांनी ते नाव असं काही अंगावर घेतलं की ठेवणाऱ्यांचीच तोंडं पडली. दुकानात बसून तेच सांगायचे, "थांबा जरा, गाडीची वेळ झाली, हमालीला जायचंय."

मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते वर्गाच्या खिडकीतून. त्या तेव्हा गावातल्याच शाळेत आल्या होत्या. स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायला मला बोलावलं होतं, आणि मी ताटकळत व्हरांड्यात उभा होतो. आत पाचवीचा इंग्रजीचा तास. फळ्यावर एकच शब्द होता, हँड. आणि भिंतीला पाठ टेकून एक पोरगी उभी होती, एक हात वर, एक आडवा. ती घड्याळ होती.

"साहेबाच्या घड्याळाला हात असतात," बाई सांगत होत्या. "आपल्या घड्याळाला काटे. स्वप्ना, साडेतीन वाजव."

पोरगी गडबडली. मागून आवाज आला, "बाई, तिचा मोठा काटा थरथरायलाय."

"चावी उतरली असेल. मधल्या सुट्टीत तुझ्या डब्यातलं दे तिला, म्हणजे बसेल."

मग बाईंनी चारपाच पोरं वाकून उभी केली, निंदायला बसवल्यासारखी. "साहेब म्हणतो, शेतात हात कमी पडले. म्हणजे त्याला काय हवंय?"

"माणसं," वर्ग म्हणाला.

सिद्धोधन नावाचा एक काटकुळा पोरगा निंदता निंदता उठला. "बाई, मग हात कामाला लावून बाकीचा माणूस घरी ठेवायचा का?"

वर्ग हसला. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "हे साहेबाला कुणीतरी वेळेवर विचारायला पाहिजे होतं. बस खाली. आज तू शहाणा."

अशी ती एका शब्दाची वरात निघाली होती. एखाद्याचं अक्षर चांगलं असलं की त्याचा हात चांगला. वस्तू दुसऱ्याला देणं म्हणजे तोच शब्द, पण क्रियापद होऊन. घोड्याची उंचीही साहेब हातांनी मोजतो, पण त्याचा तो हात म्हणजे पंजाची नुसती रुंदी, आपला कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. "म्हंजी साहेबाचा हात आखूड," कुणीतरी म्हणालं. "मोजण्यापुरता," बाई म्हणाल्या. पत्त्यांच्या डावाचं कुणी विचारलं तर उत्तर आलं, "तोही अर्थ आहे. तो मी शिकवत नाही. तो तुम्हाला घरी येतो."

तेवढ्यात त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. "आणि ते जे पाहुणे बाहेर उभे आहेत, त्यांना एक मोठा हात द्या."

पोरं गोंधळली. दोघांनी तर गजांतून माझ्याकडे हातच पुढे केले. बाईंनी टाळी वाजवून दाखवली, तसा सगळा वर्ग कडाडला. आयुष्यात टाळ्या मी पुष्कळ घेतल्या. काही न करता मिळालेल्या त्या पहिल्या.

पण तासाचा खरा रंग पुढं होता. बाईंनी टेबलाखालून ज्वारीची पिशवी काढली. "आता आपल्या घरातले शब्द," म्हणाल्या आणि एकेका पोराला बोलावलं. दोन बोटांत धरलं ते चिमूटभर. बोटं मिटून आत राहिलं ते मूठभर. एक हात उताणा करून तळव्याच्या खळग्यात मावलं ते पसाभर. दोन्ही हात जोडले की ओंजळभर. "मूठ, पसा, ओंजळ, साहेब तिघांना एकाच शब्दानं हाक मारतो. त्याचं भागतं. आपलं भागत नाही. दारात आलेल्याला तुम्ही मूठ उघडून टाकलं का पसा पुढं धरला, हे त्याला कळलं पाहिजे ना?"

ज्वारी वर्गभर सांडली होती. पोरं वेचत होती. संध्याकाळी मी दुकानात गेलो तर चंद्रप्पा म्हणाले, "इंग्रजीच्या तासाला माझी ज्वारी सांडायली, गोपाळराव. इतिहासाला काय सांडायचं राहिलंय कोण जाणे."

हा तास बाई दर वर्षी पाचवीला पहिल्या आठवड्यात घ्यायच्या. पालमातली कितीतरी पोरं त्या एका शब्दावरून इंग्रजीच्या घरात शिरली. निवृत्त झाल्या तरी ओट्यावर शिकवणं चालूच राहिलं. गल्लीत शिरलं की पोरांच्या मुठी, पसे आणि ओंजळी हवेत दिसायच्या.

आता त्या डाव्या हाताचं.

लिंगायत घरात लिंगदीक्षा झाली की इष्टलिंग गळ्यात येतं. पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, नजर त्याच्यावर लावायची, उजव्यानं पूजा करायची. देवाला वेगळं सिंहासन नाही. आपला तळहात हेच सिंहासन. बाईंची दीक्षा लहानपणीच झाली होती. पूजेआधी त्या पाण्याचा घोट घेत नसत.

चंद्रप्पांच्या घराण्यात याला जोडून एक रीत होती. घरातल्या मुलाची दीक्षा व्हायची तेव्हा स्वामी लिंग मुलाच्या तळहातावर ठेवायचे, आणि मुलाच्या तळहाताखाली घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचा डावा तळहात असायचा. हातावर हात, त्यावर देव. वैभवच्या, म्हणजे बाईंच्या मुलाच्या वेळी तो हात बाईंच्या सासूचा होता. पुढच्या पिढीला तो बाईंचा असणार, हे न बोलता ठरलेलं होतं.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका सकाळी बाई पूजेला बसल्या होत्या. तळहातावर पाणी होतं. ते थरथरलं, तळवा कलला, आणि लिंग घरंगळून मांडीवर पडलं. बाईंनी ते उचलायला हात पुढं केला तो पुढं गेलाच नाही. लकव्यानं डावी बाजू धरली होती.

नांदेडच्या दवाखान्यात बाई बरेच दिवस होत्या. बोलणं शाबूत राहिलं. पाय हळूहळू काठीच्या आधारानं चालू लागला. हात तेवढा यायचा राहिला. पण दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं होतं ते एवढंच, "लिंग कुठं हाय?"

चंद्रप्पांनी ते ऐकलं आणि मनात गाठ मारली. पुन्हा पडू द्यायचं नाही.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी बाईंच्या डाव्या तळहातात लिंग ठेवलं, बोटं त्याच्यावर मिटली आणि धुतलेल्या मऊ फडक्यानं मूठ बांधली. पूजा झाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, चंद्रप्पांच्याही. पूजेनंतरही ते बराच वेळ फडकं तसंच ठेवायचे. हात भरलेला वाटतो, असं बाई म्हणायच्या. रोज सकाळी हेच. मीही पाहून म्हणालो होतो, अप्पा, अशी सेवा कुठं पाहिली न्हाई.

मधे वैभव येऊन गेला. तो पूर्ण्याला रेल्वेत आहे. त्याच्या मुलीची, शिवरंजनीची, दीक्षा श्रावणात करायचं ठरलं होतं. ती पुढं ढकलणं त्याला बरं वाटत नव्हतं. चाचरत म्हणाला, "आई, खालचा हात पंचफुला आत्याचा ठेवला तर? तीच आता मोठी तुझ्यानंतर."

"माझ्यानंतर म्हंजी मी गेल्यावर," बाई म्हणाल्या. "मी कुठं गेले का?"

वैभव पूर्ण्याला परत गेला. पण त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न फिरत राहिला. श्रावणात नातीच्या हाताखाली कुणाचा हात असणार.

बाजाराच्या दिवशी परभणीहून एसटीनं स्वप्ना आली. तीच, भिंतीला टेकून साडेतीन वाजवणारी. परभणीत तिचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. माहेरच्या माणसांकडून कळलं म्हणून ती स्वतःहून आली होती. बाईंनी तिला पाहताच म्हटलं, "मोठा काटा आला. अजून मागं पडती का ग?"

"आता वेळेवर चालते बाई. एसटी मागं पडती."

ती हसत खाली बसली आणि बाईंचा हात हातात घेतला. हसणं थांबलं. बोटं सोडवून पाहिली तर ती पुन्हा आत ओढली गेली. तळव्यात एक गोल खूण उमटली होती.

"अप्पा, मूठ बांधताव का काय?"

"बांधतो की, रोज," चंद्रप्पा अभिमानानं म्हणाले. "लिंग ठेवून. घरंगळायला नको."

स्वप्नानं त्या खुणेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "अप्पा, आजारातून उठलेला हात म्हणजे पहिलीतलं पोरगं. रोज जे गिरवून घ्याल तेच त्याला येतं. आपण त्याला रोज मूठ शिकवायलोत. आता त्याला उघडायचं माहीतच न्हाई."

चंद्रप्पा उठले. दुकानात गेले. आतून पोतं ओढल्याचा आवाज आला, मग तेच पोतं परत जागेवर ओढल्याचा. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"म्हंजी मीच तुझा हात बांधून ठेवला," ते बाईंना म्हणाले.

"तुमी देव पडू नये म्हणून धरला," बाई म्हणाल्या. "पाठ चुकीचा झाला, बास. माझ्या वर्गात लय पोरं चुकीचं पाठ करून यायची. मी त्यांना मारायची न्हाई. पाटी पुसायची आन पुन्हा लिव म्हणायची. बसा खाली."

ते बसले. स्वप्नानं सांगितलं की तळवा उघडेपर्यंत त्यात काहीही ठेवायचं नाही, लिंगही नाही. हे सांगताना तिचा आवाज खाली गेला, कारण पूजेवाचून बाई जेवत नाहीत हे तिलाही माहीत होतं. उजव्या हातावर घ्या म्हणावं तर मग पूजा कोणत्या हातानं करायची? पाटावर ठेवा म्हणावं तर बाईंनी नुसतं बघितलं.

तेव्हा चंद्रप्पांनी आपला डावा तळहात बाईंसमोर धरला.

"हा घे. हमालाचा हाय, पण दीक्षेचा हाय."

आपलं लिंग दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असा नेम आहे. म्हणून मठाच्या स्वामींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसऱ्याच्या हाती देऊ नये हे खरं. पण नवरा दुसरा कसा?" गल्लीतल्या एकदोन म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. पण तो प्रवेश त्या दिवसापासून सुरू झाला.

जाण्याआधी स्वप्नानं बाईंना विचारलं, "बाई, हातानं काय काय यायला पाहिजे तुमच्या? वेणी, कणीक मळणं, साडीची पिन, तसं मी ठरवते."

"एका शब्दाचे किती अर्थ, स्वप्ना?"

"लय बाई."

"मला सगळे नकोत. वेणी शेजारीण घालती. मला एकच अर्थ दे. पसा."

स्वप्नाला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं दुकानातल्या ज्वारीकडे पाहिलं आणि म्हणाली, "अप्पा, परात आणा."

मग ओट्यावर तालीम सुरू झाली. तालीम हाच शब्द मी वापरतो, कारण मला दुसरा माहीत नाही. परातीत ज्वारी, ज्वारीत बाईंचा डावा हात. आधी नुसता पुरायचा. मग दाण्यांत बोटं हलवायची. मग पालथा हात कुशीवर करायचा, आणि कुशीवरून उताणा. हे उताणं होणं सगळ्यात अवघड. हात निम्म्यावर जायचा आणि रुसल्यासारखा परत वळायचा. स्वप्ना फोनवरून बघायची, बाजाराच्या दिवशी येऊन दुरुस्त करायची. "बाई, खांदा उचलू नका, फसवायलाव तुमी," ती म्हणायची, आणि बाई शाळकरी पोरीसारख्या ओशाळायच्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिवरंजनी पूर्ण्याहून आली. ती समोर बसून परातीच्या दुसऱ्या काठाला आपला हात घालायची आणि आजीबरोबर सगळं करायची.

"आज्जी, तुझा हात झोपला का?"

"न्हाई. रुसलाय."

"कुणावर?"

"तुझ्या आज्ज्यावर."

दुकानातून आवाज यायचा, "ऐकू यायलंय मला."

बाईंनी तिला ओळीनं शब्द दिले होते. मूठ म्हटलं की दोघींनी मिटायचं. चिमूट म्हटलं की अंगठा बोटाला. मग मोठ्यानं पसा, आणि दोघींचे हात उताणे. नातीचा झटकन व्हायचा. आजीचा वाटेत कुठंतरी थांबायचा. नात आपला हात तसाच धरून वाट पाहायची. आधी करंगळी सोडून बाकीची बोटं सैल व्हायला लागली, मग एका दिवशी तळवा वर आला, त्यात ज्वारीचे दाणे होते आणि ते तिथंच राहिले. शिवरंजनीनं ते एकेक करून चिमण्यांना टाकले.

आषाढात पंचफुलाबाई लोह्याहून आल्या. चंद्रप्पांची बहीण, तोंडानं फटकळ, मनानं गोड. ओट्यावर बसून त्यांनी बराच वेळ तालीम पाहिली.

"वहिनी, हट्ट कशाला करताव? माझा हात काय परका हाय?"

"परका न्हाई."

"चार लोकांत थरथरला तर? लिंग पुन्हा पडलं तर पोरीला आयुष्यभर आठवंल. त्याचा तरी विचार करा."

 पंचफुलाबाईंचं बोलणं खोटं नव्हतं, आणि तेच बाईंना लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "भाऊ, तुमी स्टेजवर इतकी वर्षं काढली. तालमीत नीट येणारा हात प्रयोगात थरथरायचा का कधी?"

"नेहमीच थरथरायचा. लोक समोर दिसले की अंग आखडतं."

"मग काय करायचे?"

"तालमीतला पहिला शब्द मनात आणायचो बाई. शब्द लागला की मागून हात यायचा."

बाईंनी मान डोलवली. एवढंच. माझं त्यांच्या उपयोगी पडलेलं नाटक एवढंच.

श्रावणातला तो सोमवार. अंगणात मांडव, मांडवात पाहुणे, पाहुण्यांत स्वप्ना. आदल्या पावसानं कडुलिंब धुतलेला. मी खांबाला टेकून उभा होतो, तिसऱ्या घंटेआधी विंगेत उभा राहायचो तसा. चौरंगावर स्वामी बसले. समोर पाटावर शिवरंजनी, कपाळभर विभूती लावलेली, डोळे मोठे. तिच्या शेजारी सिद्धम्माबाई. त्यांच्या एका बाजूला चंद्रप्पा, दुसऱ्या बाजूला, हाताच्या अंतरावर, पंचफुलाबाई.

स्वामींनी लिंग हातात घेतलं. बाईंनी डावा हात मांडीवरून उचलला. आणि सगळ्या मांडवादेखत तो मिटला. घट्ट. पहिल्या दिवसासारखा.

 वैभवनं आत्याकडे पाहिलं. पंचफुलाबाईंनी पदर सावरला आणि हात पुढं करण्याआधी वहिनीकडे पाहिलं, विचारल्यासारखं. मी तो चेहरा विसरणार नाही. त्यात घाई नव्हती, वाईट वाटणं होतं.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मग स्वामींना म्हणाल्या, "महाराज, थोडं थांबा. माझा तास राहिलाय."

स्वामींनी लिंग छातीशी धरलं आणि थांबले.

बाई नातीकडे वळल्या. आवाज तोच, व्हरांड्यापर्यंत जाणारा. "शिवरंजनी, हात पुढं. हाताचे शब्द म्हण."

पोरीनं हात पुढं केला. "मूठ," ती म्हणाली आणि मिटली. बाईंची मूठ मिटलेलीच होती, म्हणजे पहिला शब्द बरोबर आला होता. त्या किंचित हसल्या. मला वाटतं खरं काम त्या हसण्यानं केलं. जो हात क्षणापूर्वी हरलेला दिसत होता तो आता धड्याच्या पहिल्या ओळीवर होता.

"चिमूट."

बाईंचा अंगठा हलला. बोटाच्या शोधात थोडा भटकला, मग टेकला. मागं स्वप्नानं ओठ मिटून घेतले होते. तिचाही हात पदराआड चिमूट करत होता, मी पाहिलं. आणखी दोनतीन जणांचे. पालमातली ती सगळी जुनी पाचवी मांडवात बसली होती.

"पसा," शिवरंजनी म्हणाली आणि आपला तळवा उताणा धरून वाट पाहू लागली. परातीच्या काठावर पाहायची तशीच.

हात कुशीवर आला. थांबला. मग सावकाश, एखादा जड पडदा वर जावा तसा वळत गेला. बोटं उलगडली. करंगळी तेवढी आतच राहिली. पण मधे खळगा होता, खोलगट, आकाशाकडे तोंड केलेला. सरळ सपाट हात नव्हता तो. पसा होता.

शिवरंजनीनं आपला तळहात त्यात ठेवला. स्वामींनी पुढं वाकून लिंग तिच्या तळहातावर ठेवलं आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली. भार आला तसा बाईंचा हात थरथरला. चंद्रप्पांनी इतके महिने रोज सकाळी केलं होतं तेच केलं. विचार न करता त्यांचा डावा हात पुढं गेला आणि बायकोच्या हाताखाली लागला.

टाळी वाजवायला माझे हात शिवशिवत होते, पण ती जागा टाळीची नव्हती. पंचफुलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

मंत्र संपला. बाई अजून हाताकडेच पाहत होत्या. थरथर कमी झाली होती. त्यांनी मान न वळवता, हळू पण मांडवाला ऐकू जाईल असं नवऱ्याला म्हटलं,

"काढा आता तुमचा हात. मला पेलायलंय."